वामकुक्षीची साक्ष

मेसेज आला तेव्हा मार्तंडराव कशेळकर पोहे खात होते आणि वसुधाताई त्यांच्या बशीत वरून खोबरं भुरभुरवत होत्या. मार्तंडरावांनी मेसेज वाचला, चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि पुन्हा वाचला.

"वसुधा," ते म्हणाले, "मला चलान आलंय."

मोठं दुखणं निघाल्यावर माणूस ज्या आवाजात घरच्यांना सांगतो, त्याच आवाजात म्हणाले. त्यांच्या दृष्टीने ते दुखणंच होतं. अख्ख्या घाटकोपरात लाल सिग्नलला इंजिन बंद करून, पाय टेकवून, कोण कोण सिग्नल तोडतंय याची हजेरी घेणारा हा एकमेव माणूस. गेल्या गणपतीत सोसायटीच्या मांडवात त्यांनी 'वाहतूक आणि आपण' या विषयावर इतकं सविस्तर भाषण केलं होतं की त्या दिवशीच्या आरतीला लोक कधी नव्हे ते धावत आले. आरती सुरू झाली की भाषण संपणार होतं ना!

"कसलं चलान?" वसुधाताईंनी विचारलं.

"सिग्नलला स्टॉप लाइन ओलांडली म्हणे. साकीनाक्याला. मंगळवारी दुपारी पावणेतीनला. मी! आणि लाइन!" त्यांनी फोटो मोठा करून मोबाइल पुढे धरला. मागून काढलेला फोटो. स्कूटर त्यांची, नंबर त्यांचा. वर बसलेल्या इसमाच्या अंगात त्यांचाच करडा विंडचीटर, डोक्यावर त्यांचंच पांढरं हेल्मेट. आणि पुढचं चाक बिनधास्त झेब्रा क्रॉसिंगवर.

वसुधाताईंच्या हातातलं खोबरं बशीत पडायचं ते टेबलावर पडलं. त्या विंडचीटरच्या आत कोण आहे हे त्यांना चांगलंच ठाऊक होतं. आता वाचकांपासून काय लपवायचं? आत त्या स्वतः होत्या.

इथे कशेळकरांच्या घरातला एक नियम सांगायला हवा. दुपारी जेवण झालं की मार्तंडराव डाव्या कुशीवर झोपतात. बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झाल्यापासून यात एकदाही खंड पडलेला नाही. दारावर 'विश्रांती चालू आहे, बेल वाजवू नये' अशी पाटी लागते. पाटी लागली की बिल्डिंगमध्ये मिक्सर बंद, पोरांचं क्रिकेट बंद, कुरियरवालासुद्धा पाकीट खाली ठेवून चवड्यांवर परत जातो. चहाच्या वेळेला मार्तंडराव आपणहून उठेपर्यंत घर त्यांच्या घोरण्याच्या ताब्यात असतं. आणि वसुधाताई त्यांच्या स्वतःच्या ताब्यात.

एवढाच वेळ त्यांचा होता. घाटकोपर पश्चिमेला दर्शना नावाची एक मुलगी बायकांना स्कूटर शिकवते. भजनाला जाते असं सांगून वसुधाताई तिच्याकडे गेल्या, शिकल्या, रीतसर परीक्षा देऊन लायसन काढलं आणि जुन्या चष्म्याच्या घरात ठेवून दिलं. तेव्हापासून पाटी लागली की विंडचीटर चढवायचा, हेल्मेट घालायचं, गाडी चालू न करता गेटपर्यंत ढकलत न्यायची आणि सुटायचं. परत आल्यावर आरसा मार्तंडरावांच्या मापाला वळवून ठेवायचा. मार्तंडराव मात्र अॅव्हरेज घसरलं म्हणून पेट्रोल पंपावर तीनदा भांडून आले होते.

नवऱ्याला सांगायला काय झालं होतं, असं कुणीही विचारेल. विचारणाऱ्याने एकदा कशेळकरांकडे चहाला जावं. लग्नानंतर मार्तंडरावांनी बायकोला कंपाउंडमध्ये स्कूटर शिकवायला घेतली आणि ती थेट वॉचमनच्या केबिनमध्ये घुसली, ही हकिगत ते अजूनही प्रत्येक पाहुण्याला हावभावांसकट सांगतात. वॉचमन, केबिन, स्कूटर आणि वसुधा अशी चारही पात्रं स्वतः करतात. शेवटी म्हणतात, "तेव्हाच म्हटलं, हे तुझ्याच्याने व्हायचं नाही. तू मागे बस, कुठे जायचंय ते सांग, मी नेतो." पाहुणे हसतात. वसुधाताईही हसतात आणि कपबशा उचलतात. त्यांना कुणी न्यायला नको होतं. त्यांना जायचं होतं. पण हे कळलं तर किल्ली कपाटात जाणार आणि ती दुपारची सुटका कायमची संपणार, हे त्या पुरतं ओळखून होत्या.

"अहो, भरून टाका ना," त्या शक्य तितक्या सहज म्हणाल्या. "कशाला डोक्याला ताप?"

"भरून टाका? न केलेला गुन्हा कबूल करू? मंगळवारी पावणेतीनला मी कुठे होतो?"

"झोपला होतात."

"मग!" मार्तंडरावांनी टेबलावर हात आपटला. पोहे उडाले. "याचा अर्थ कळतोय तुला? माझ्या गाडीचा डुप्लिकेट नंबर लावून कुणीतरी मुंबईभर फिरतंय. इतकंच नाही, तो माझ्यासारखे कपडे घालतोय!"

वसुधाताई मान खाली घालून टेबलावर उडालेले पोहे गोळा करू लागल्या.

संध्याकाळपर्यंत प्रकरण बिल्डिंगभर झालं. सोसायटीचे सेक्रेटरी सुबोध दळवी आले. हा माणूस कुठल्याही घरी गेला की आधी असलेली काळजी दुप्पट करून जातो. "कशेळकर, दंडाचं सोडा हो," ते सोफ्यावर बसत म्हणाले. "उद्या त्या गाडीवरून कुणी चेन खेचली तर? पोलीस पहाटे कुणाच्या दारात येणार? अशा गाड्यांवरून काय काय नेतात तुम्हाला कल्पना नाही."

"काय नेतात?" मार्तंडरावांचा आवाज चिरकला.

"वहिनींसमोर बोलत नाही," दळवी म्हणाले आणि वहिनींच्या हातचा चहा प्यायले.

सल्ल्यांचा नुसता पाऊस पडला. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी सांगितलं, मंत्रालयात पत्र टाका. तिसऱ्यावरच्यांनी सांगितलं, नंबरच बदलून घ्या, अंकशास्त्राप्रमाणे बेरीज वाईट येतेय. बोरिवलीहून मुलाचा, अनयचा फोन आला. "बाबा, यार, लोकअदालतीत टाका, अर्ध्यात मिटेल." त्यावर मार्तंडराव गरजले, "अर्धा दंड भरणारा अर्धा गुन्हेगार असतो, अनय!" आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते स्कूटरला जाडजूड साखळी आणि कुलूप घालून आले. टोळीने आता मूळ गाडीच पळवली तर पुरावा जाईल, असं त्यांचं म्हणणं. कुलपाची किल्ली गळ्यातल्या गोफात अडकवली. शिवाय मागे लाल अक्षरांत एक स्टिकर लावला, 'हीच मूळ गाडी आहे.' तो वाचून बिल्डिंगमधली पोरं हसून लोळली. वसुधाताईंना मात्र रडू आलं. त्या दुपारी पाटी लागली, घोरणं सुरू झालं आणि त्या सवयीने दारापर्यंत गेल्या. मग तिथूनच परत फिरल्या आणि कुणी न सांगता डाळीतले खडे निवडत बसल्या.

तळमजल्यावरच्या प्रेमाकाकू हे सगळं खिडकीतून बघत होत्या. वसुधाताईंचं गुपित माहीत असणारं दुसरं माणूस म्हणजे ह्याच. खिडकी गेटसमोर आणि नजर मालवणातून येताना आणलेली, तिथून काय सुटणार? दुसऱ्या दिवशी वसुधाताई भाजी घेऊन येताना त्यांनी हाक मारली.

"गो वसुधा, तुज्या घोड्याक दावणीक बांधल्यान मगे?"

"काकू, हळू बोला ना."

"माका काय, मी सांगूचंय नाय कोणाक. पण ह्या प्रकरण वाढत जातला हां. तू एकदा सांगून मोकळी हो."

"ते गाडी काढून घेतील, काकू."

"आता काय तुज्याकडे हा?" प्रेमाकाकू म्हणाल्या. बोलणं खरं होतं आणि म्हणूनच झोंबलं.

त्या दुपारी वसुधाताईंनी शेवटचा उपाय केला. कुणाला न कळता दंड भरून टाकायचा, म्हणजे केस आपोआप मिटेल. नवरा झोपल्यावर त्यांनी स्वतःच्या मोबाइलवर चलानचा नंबर टाकला, फोटो आला, आपलीच पाठ बघून जरा थबकल्या. पाठ चांगली ताठ होती. मग बँकेच्या कार्डाचा नंबर टाकला आणि बटण दाबलं.

आतल्या खोलीत मार्तंडरावांचा मोबाइल टिंग करून वाजला. खातं दोघांच्या नावावर, पण ओटीपी यायचा तो यांच्याच फोनवर, हे त्या साफ विसरल्या होत्या. एरवी कानाशी ढोल बडवला तरी न उठणारे मार्तंडराव नेमके त्या टिंगने जागे झाले. पुढच्या क्षणी बनियनवर बाहेर आले ते ओरडतच.

"वसुधा! टोळी खात्यापर्यंत पोचली! ते माझ्याच पैशांनी माझाच दंड भरतायत!"

"अहो, पण ते कशाला भरतील?" घाईघाईत मोबाइल उशीखाली सारत वसुधाताईंनी विचारलं.

"पुरावा मिटवायला! डोकं बघ त्यांचं!" आणि त्यांनी बँकेत फोन करून कार्ड बंद करून टाकलं. पुढचे आठ दिवस कशेळकरांकडे दूधवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांची उधारी चालली.

आता केस कोर्टात जाणार हे ठरलं. वकील म्हणून दळव्यांचा पुतण्या केतन आला. पोरगा तसा चांगला, पण आजवर त्याने फक्त भाडेकरार केले होते. खऱ्याखुऱ्या कोर्टात उभं राहायला मिळणार म्हणून तो इतका खूश होता की त्याने फी घ्यायचंही नाकारलं. वसुधाताईंना त्याचा फार राग आला.

"काका, आपला डिफेन्स झकास आहे," केतन पॅडवर रेघा मारत म्हणाला. "तुम्ही घटनास्थळी नव्हतातच. फक्त तुम्ही झोपला होतात हे सिद्ध करायला हवं. कुणी बघितलं?"

"अख्ख्या बिल्डिंगला माहितेय!" दळवी म्हणाले. "मी स्वतः शपथेवर सांगेन. घोरणं माझ्या बेडरूमपर्यंत येतं."

"घोरणं ऐकीव झालं, सुबोधकाका. डोळ्यांनी बघणारा हवा. घरात कोण होतं?"

सगळे वसुधाताईंकडे वळले. वसुधाताई हातातल्या ट्रेकडे बघत राहिल्या.

"ही काय, ही घरीच असते दुपारची," मार्तंडराव अभिमानाने म्हणाले. "कुठे जातेय!"

"बेस्ट! काकू, तुम्ही आपल्या स्टार विटनेस," केतन म्हणाला. "घाबरायचं नाही हां. मी दोनच प्रश्न विचारेन."

त्या रात्रीपासून वसुधाताईंची झोप उडाली. खोटी शपथ घ्यायची तर देवाची भीती, खरं बोलायचं तर नवऱ्याची, आणि काहीच बोलायचं नाही तर केतनची. तो रोज संध्याकाळी येऊन त्यांची तालीम घेत होता.

कुर्ल्याच्या कोर्टात पहिल्या तारखेला मॅजिस्ट्रेट रजेवर होत्या. दुसऱ्या तारखेला ह्यांचा नंबर यायच्या आत कोर्ट उठलं. वसुधाताईंना दोन्ही वेळेला सुटका झाल्यासारखं वाटलं आणि दोन्ही वेळेला घरी येईपर्यंत पुन्हा धडधडायला लागलं. मार्तंडराव बाहेरच्या बाकावर इस्त्रीच्या शर्टात ताठ बसत. आजूबाजूला विनालायसन, विनाहेल्मेट, तिघे एका बाइकवर अशी मंडळी होती. त्यातल्या एकाने आपुलकीने विचारलं, "अंकल, आप किसमें?" मार्तंडरावांनी मान फिरवली ती सकाळभर फिरवलेलीच ठेवली.

तिसऱ्या तारखेला दोघं स्कूटरवरूनच गेली. मागे बसून वसुधाताई रोजच्यासारखं "हळू हो, हळू" म्हणत होत्या. म्हणायची सवयच होती. खरं तर मार्तंडराव इतके हळू चालवतात की बाजूने हातगाडी पुढे जाते आणि मागे बसून त्यांचा जीव नुसता कासावीस होतो. पार्किंगमध्ये मार्तंडरावांनी साखळी घातली, कुलूप दोनदा ओढून बघितलं, आणि थोड्या वेळाने पुकारा झाला, "कशेळकर!"

मॅजिस्ट्रेट मध्यमवयीन बाई होत्या. समोर फायलींचा ढीग होता आणि त्या भराभर उरकत होत्या. ट्रॅफिकच्या हवालदारांनी फोटो पुढे केला. केतनने घसा खाकरला आणि इंग्रजीत जे सुरू केलं ते दोन मिनिटं ऐकून मॅडम म्हणाल्या, "वकीलसाहेब, मराठीत सांगा. यांचं म्हणणं काय?"

"यांचं म्हणणं, युअर ऑनर, की हे त्या वेळी झोपले होते."

मागच्या बाकांवर खसखस पिकली. मार्तंडरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आयुष्यभर ज्या गोष्टीचा त्यांना अभिमान होता, ती भर कोर्टात अशी ऐकायला फारच केविलवाणी वाटत होती.

"साक्षीदार?"

"यांच्या पत्नी."

वसुधाताई उभ्या राहिल्या. पिंजऱ्यात चढल्या. देवाची शपथ घेतली. खरं सांगेन, खोटं सांगणार नाही. समोर मार्तंडराव मान डोलावून धीर देत होते. मागच्या बाकावरून दळवी अंगठा दाखवत होते.

"काकू... म्हणजे, वसुधाबाई," केतन म्हणाला, "त्या मंगळवारी पावणेतीन वाजता तुमचे पती कुठे होते?"

"घरी," वसुधाताई म्हणाल्या. "झोपले होते."

"तुमची खात्री आहे?"

"शंभर टक्के."

"दॅट्स ऑल, युअर ऑनर!"

संपलं? वसुधाताईंना खरंच वाटेना. दोन प्रश्न झाले आणि एक शब्द खोटा बोलावा लागला नव्हता. देव इतका दयाळू असतो? त्यांनी पिंजऱ्याची कड सोडली आणि एक पायरी उतरल्याही.

पण मॅडम अजून फोटोकडे बघत होत्या. "हे घरी होते, पण गाडी साकीनाक्याला होती," त्या म्हणाल्या. "मग नंबर प्लेट बोगस आहे. हे साधं चलान राहत नाही, गंभीर प्रकरण आहे. हवालदार, यांची मूळ गाडी तपासणीसाठी ताब्यात घ्या. चेसिस नंबर वगैरे बघून, गुन्हा नोंदवून रिपोर्ट द्या."

केतनने वळून हळूच मूठ आवळली. मार्तंडराव तर फुलून आले. "जरूर न्या!" ते म्हणाले आणि गळ्यातला गोफ काढून किल्ली पुढे केली. "खुशाल न्या. टोळी पकडली जाईपर्यंत ठेवा!"

वसुधाताई उतरलेली पायरी पुन्हा चढल्या. "किती दिवस ठेवणार?" त्यांनी हवालदारांना विचारलं.

"ते काय सांगता येत नाय, ताई. तपास होईस्तोवर."

"कुठे ठेवणार?"

"बाहेरच. जागा कुठाय आमच्याकडे?"

पोलिसांनी आणून ठेवलेल्या गाड्या त्यांनी येता-जाता कितीदा तरी बघितल्या होत्या. टायर बसलेले, सीट फाटलेल्या, एकीच्या हँडलवर तर वेल चढला होता. मार्तंडरावांची किल्ली हवालदारांच्या हातात पडायला एवढंसं अंतर उरलं होतं. साखळीच्या कुलपाने एवढे दिवस जिवाची तगमग झाली होती, पण कुलूप कधीतरी निघेल अशी आशा तरी होती. गाडी मात्र गेली म्हणजे गेलीच.

"नाही!" वसुधाताई ओरडल्या. "गाडी नका नेऊ. गाडीचा काही दोष नाही. टोळी वगैरे काही नाहीये, मॅडम. ती मी आहे."

"काय म्हणालात?"

"फोटोत मी आहे. हे झोपले होते ते खरं आहे. मी घरी नव्हते."

केतन खाली बसला. दळव्यांचा अंगठा तसाच वर राहिला. मार्तंडरावांनी हसायचा प्रयत्न केला. "मॅडम, हिला गाडी येत नाही," ते म्हणाले. "घाबरलीय ती. हिने एकदा वॉचमनच्या केबिनमध्ये..."

"तुम्ही थांबा," मॅडम म्हणाल्या. "बाई, लायसन आहे?"

वसुधाताईंनी पर्समधून चष्म्याचं घर काढलं आणि उघडलं. लायसन तिथेच होतं. शिपायाने ते वर दिलं. मॅडमनी एकदा लायसनकडे बघितलं, एकदा वसुधाताईंकडे.

"कुठे निघाला होतात?"

"कुठे नाही."

"म्हणजे?"

"कुठेच नाही, मॅडम. अशीच. हे उठायच्या आत परत यायचं असतं ना. म्हणून जाता येईल तिथवर जायचं आणि वळायचं. कधी विक्रोळी, कधी साकीनाका. काम काही नसतं. काम असलं की हेच नेतात मला."

कुणी हसलं नाही. मघाशी खसखस पिकवणारी मागच्या बाकांवरची मंडळीसुद्धा नाही.

"आणि लाइन का ओलांडलीत?"

"ब्रेक दाबायला उशीर झाला. विमान बघत होते. तिथे फार खाली येतं हो विमान. चाकंबिकं दिसतात."

मॅडमनी पेन उचललं, ठेवलं आणि पाणी प्यायल्या. मग पुन्हा त्यांचा आवाज कोर्टाचा झाला. "गाडी चालवताना रस्त्याकडे बघायचं. समजलं? दंड भरा. गाडी ताब्यात घ्यायची गरज नाही. पुढची केस."

दंड वसुधाताईंनी स्वतःच्या पर्समधून भरला. बाहेर येईपर्यंत दळव्यांना अचानक दादरला काम निघालं आणि केतन काकूंचे पाय धरून पळाला. "काकू, तुम्ही मला आधी सांगायचं ना!" एवढंच म्हणाला. बिचाऱ्याची पहिली केस.

पार्किंगमध्ये दोघंच उरली. मार्तंडराव स्कूटरसमोर उभे होते. मागच्या स्टिकरवरची लाल अक्षरं उन्हात चमकत होती. वसुधाताईंना वाटलं, आता काहीही बोला, पण बोला.

"माझा विंडचीटर," ते शेवटी म्हणाले.

"हो."

"कधीपासून?"

"दोन गणपती झाले."

"आणि पंपावर मी भांडलो..."

"तीनदा," वसुधाताई म्हणाल्या. "मला फार वाईट वाटलं होतं."

मार्तंडरावांचा चेहरा असा झाला की हा माणूस आता ओरडेल की रडेल ते सांगता येईना. "मला सांगावंसं नाही वाटलं तुला?"

"तुम्ही केबिनची गोष्ट सांगायचं थांबाल, तेव्हा सांगणार होते."

ते खाली वाकून साखळीचं कुलूप काढू लागले. किल्ली भोकात जाईना. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा प्रयत्न केला. भर कोर्टात आपली झोप आणि आपलं संसारातलं अज्ञान उघडं पडलं होतं, आणि वर दुपारचं जेवण नाही. वसुधाताईंनी हळूच किल्ली घेतली, कुलूप काढलं, साखळी डिकीत टाकली. आरसा आपल्या मापाला वळवला. पांढरं हेल्मेट डोक्यावर चढवलं, जादाचं निळं हेल्मेट त्यांच्या हातात दिलं आणि गाडी चालू केली.

"बसा," त्या म्हणाल्या.

मार्तंडरावांनी आजूबाजूला बघितलं. ओळखीचं कुणी नव्हतं. ते बसले. मागची दांडी दोन्ही हातांनी इतकी घट्ट धरली की बोटं पांढरी पडली.

रस्त्याला लागल्यावर संभाषण म्हणून जे झालं ते एवढंच. "इंडिकेटर." "दिलाय." "रिक्षा." "दिसली." "खड्डा." "अहो, दिसला!" मग घाटकोपरचं वळण आलं आणि गेलं.

"घर मागे राहिलं," मार्तंडराव म्हणाले.

"माहितेय."

"मग कुठे चाललोय?"

"कुठे नाही," वसुधाताई म्हणाल्या. आपण हे मोठ्याने बोललो याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

मार्तंडराव यावर काही तरी बोलणार होते. वसुधाताईंनी मान ताठ करून वाटही बघितली. पण मागून फक्त एक उसासा आला.

साकीनाक्याचा सिग्नल लाल होता. आज वसुधाताईंनी ब्रेक इतका आधीच दाबला की पुढे एक टेम्पो सहज मावला असता. मागून हॉर्न सुरू झाले. एक रिक्षावाला बाजूला येऊन काहीतरी ओरडला. वसुधाताई हलल्या नाहीत.

"जरा पुढे घे," मार्तंडराव म्हणाले.

"नको. लाइन आहे."

"अगं, लाइन लांब आहे अजून. मी सांगतो ना. घे. अजून घे. बास."

गाडी लाइनच्या अलीकडे बरोब्बर उभी राहिली. तेवढ्यात डोक्यावरून तो आवाज आला. वसुधाताईंच्या ओळखीचा. पोटातून घरघरत येणारा, खिडक्यांच्या काचा हलवणारा. त्यांची मान आपोआप वर जायला लागली.

"समोर बघ," मागून मार्तंडराव ओरडले. दांडीवरचा एक हात सुटून वसुधाताईंच्या खांद्यावर आला होता. "तू सिग्नल बघ. विमान मी बघतोय."

वसुधाताईंनी लाल दिव्यावरची नजर ढळू दिली नाही. आवाज डोक्यावरून सरकत पलीकडे गेला.

"दिसलं?" त्यांनी विचारलं.

"हो," मार्तंडराव म्हणाले. आणि मग जरा थांबून, "चाकं खरंच दिसतात गं."